इंधनाची बचत आणि चालकाचा संयम



१९७३ च्या तेलसंकटाने साऱ्या जगाला इंधनाचे मोल शिकविले. आपल्या देशात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. तरीही आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही परदेशांतूनच येते.

नाशिकच्या द्वारका चौकात सायंकाळी पाहावे. वाहने जागीच खोळंबलेली. इंजिने मात्र धडधडत असतात. वाट मोकळी नसताना वेग घेऊन लगेच ब्रेक दाबणे म्हणजे दाम मोजून मिळविलेली गती उष्णतेच्या रूपाने उधळणे होय. सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा. क्लचवर पाय ठेवून वाहन हाकू नये. टायरमधील हवा नियमित तपासावी.

मुंबईकडे जाताना कसारा घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ‘बचत’ मात्र कोणी करू नये. फ्युएल इंजेक्शनची आधुनिक इंजिने गिअरमध्ये उतार उतरताना इंधनपुरवठा आपोआप थांबवितात. न्यूट्रलमध्ये इंधन जळतच राहते आणि सारा भार ब्रेकवर येतो. ही बचत नव्हे, जिवाशी खेळ आहे.

संयमी चालकाचा पैसा वाचतो, देशाचे परकीय चलन वाचते आणि घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.