अशोकवृक्षाची साल आणि विवेक



तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्षाचे स्थान पहिले आहे. परंतु नवी मुंबईतील सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच, सरळ वाढणारे जे झाड ‘अशोक’ म्हणून ओळखले जाते, ते आसोपालव होय. खरा अशोक म्हणजे सीताअशोक. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत, ओढ्यांच्या काठी तो वाढतो. त्याची कोवळी पालवी ताम्रवर्णी असते आणि केशरी फुलांचे गुच्छ पुढे लाल होतात.

आयुर्वेदाने त्याची साल कषाय व ग्राही मानली आहे. ११ व्या शतकातील चक्रपाणिदत्तांच्या ग्रंथात स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर ती दुधात सिद्ध करून देण्यास सांगितले आहे. अशोकारिष्टाचा मुख्य घटकही हीच साल.

मागणी वाढली, वृक्ष मात्र विरळ झाला. परिणामी बाजारात आसोपालवाची साल मिसळली जाते आणि रुग्णाची फसवणूक होते. अरण्यात तर याहून मोठी हानी घडते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांपर्यंत पोहोचते. खोडाभोवतीची साल संपूर्ण सोलली, तर मुळे उपाशी राहतात आणि वृक्ष मरतो.

जैन दर्शनानुसार वनस्पती हाही एकेंद्रिय जीव आहे. म्हणून हे औषध वैद्यांच्या सल्ल्यानेच आणि आवश्यक तेवढेच घ्यावे, साल खात्रीच्या ठिकाणचीच असावी. प्रत्येक मंदिराच्या व संकुलाच्या आवारात एक तरी सीताअशोक लावून जोपासावा. ज्याच्या छायेला वंदन करायचे, त्याचा जीव राखणे हेही श्रावकाचे कर्तव्यच होय.

जय जिनेंद्र!