घटना नव्याने लिहायची का?

(घुग्घुस येथे संविधान दिनाच्या संध्याकाळी झालेल्या सहायकांच्या सभेतील भाषण)



रात्रपाळीला जाणारे काही भाऊ समोर बसले आहेत, त्यामुळे मी लांबवणार नाही.

मागच्या महिन्यात तरुण संघाच्या सभेत एका मुलाने मला विचारलं, "सर, घटना झाली तेव्हा मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं. मग आजच्या काळाप्रमाणे ती नव्याने का लिहू नये?" मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे," आणि चहाकडे वळलो. घरी जाताना मलाच लाज वाटली. तो मुलगा आज इथे आहे. बाबू, तुझं उत्तर उशिरा देतोय.

आधी हे लक्षात घे की घटना १९४९ सालीच थांबलेली नाही. तेव्हा तिच्यात ३९५ कलमं आणि ८ अनुसूच्या होत्या. २०२३ पर्यंत तिच्यात १०६ दुरुस्त्या झाल्या. तू अठराव्या वर्षी मत देतोस ते अशाच एका दुरुस्तीमुळे. तुझ्या वडिलांच्या लहानपणी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागे. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा तेवढी घातली: संसदेने दुरुस्त्या कराव्यात, पण घटनेची मूळ चौकट मोडू नये. म्हणजे बदलाला दार उघडंच आहे. तुझा प्रश्न सगळं पुसून पुन्हा लिहिण्याचा आहे. त्याचं उत्तर मी कायद्याच्या पुस्तकातून देणार नाही, धानोरा तालुक्यातल्या एका टोल्यावरून देतो.

घटनेत पाचवी अनुसूची आहे. गडचिरोलीचा बराच भाग आणि आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या राजुरा तालुक्यातली काही गावं तिच्याखाली येतात. आपलं घुग्घुस येत नाही. त्या क्षेत्रात एखादा कायदा लागू करू नये, किंवा बदल करून लागू करावा, असं राज्यपाल ठरवू शकतात. हा अधिकार १९५० पासून आहे. तो वापरला तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०१४ साली पाहिलं. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय तेव्हा याच अनुसूचीच्या आधारे झाला. एक अक्षरही नव्याने लिहावं लागलं नाही.

आता पेसा म्हणजे काय? पंचायतींची ७३ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा अनुसूचित क्षेत्रं तिच्यातून वगळली होती. त्यांच्यासाठी १९९६ साली वेगळा कायदा आला, तो पेसा. त्यात ग्रामसभा मुख्य, आणि गाव म्हणजे लोक ज्याला आपलं गाव मानतात ते, टोलासुद्धा. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ साली. अठरा वर्षांनी! कायदा झाला त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर मतदार झालं होतं. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ साली. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं २०११ साली. कागदावरचं जमिनीवर यायला इतका वेळ लागतो.

हे सांगताना बोट दुसऱ्याकडे दाखवणं सोपं आहे. आमचं ऐका. दोन वर्षांपूर्वी त्या टोल्यावर मुलांच्या अभ्यासासाठी खोली बांधायचं आम्ही ठरवलं. ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं, विटा-सिमेंट पोचवलं, पाया आखला. टोल्याच्या ग्रामसभेला कोणी विचारलं नाही. जागा त्यांच्या खळ्याची होती, धान मळायची. एक आजी काठी टेकत आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या चर्चच्या आवारात आमी गोठा बांधला, त चालन का?"

मी पेसावर दोनदा शिबिर घेतलेला माणूस. माझ्या पिशवीत त्या नियमांची प्रत होती.

म्हणून बाबू, नवी घटना म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो: लिहायला कोण बसणार? घटना समितीत आदिवासी मोजकेच होते. त्यातले जयपालसिंग मुंडा मिशनच्या शाळेत शिकलेले, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कप्तान. त्यांनी डिसेंबर १९४६ मध्ये समितीला सुनावलं की आदिवासींना लोकशाही शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी. 'आदिवासी' हा शब्द घटनेत यावा म्हणून ते भांडले. आला नाही, 'अनुसूचित जमाती' आलं. ही चूक झाली असं मला आजही वाटतं. घटनेत सगळं ठीक आहे असं मी म्हणत नाही. अनुसूचित क्षेत्राची सीमा नकाशावर थांबते, आणि तिथलं कुटुंब मजुरीसाठी आपल्या घुग्घुसला आलं की पेसाचं संरक्षण मागेच राहतं. हे दुरुस्त व्हायला हवं. पण दुरुस्त.

चिली देशाने सगळं नव्याने लिहून पाहिलं. १५५ जणांची सभा निवडली, १७ जागा मूळनिवासींना राखून ठेवल्या, पहिली अध्यक्ष मापुचे समाजाची बाई, एलिसा लोंकोन. २०२२ साली जवळजवळ ६२ टक्के लोकांनी तो मसुदा नाकारला. दुसरा मसुदा २०२३ साली नाकारला. हुकूमशहा पिनोशेच्या काळातली १९८० ची घटना तशीच राहिली, आणि तिच्यात मूळनिवासींना मान्यता दिलेली नाही. त्यांच्याजवळ जुनं धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी जोखीम घेतली. ते मला समजतं. आमच्या टोल्याकडे पाचवी अनुसूची आहे. कोरा कागद पुढे आला तर ती पुन्हा लिहिली जाईलच, याची हमी मला कोणी देत नाही.

खोलीचं काय झालं, ते देणगीदारांना सांगायला हवं. ग्रामसभा तीनदा बसली. तिथे बहुमताने नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलतात. माझा जीव कासावीस झाला. शेवटी नाल्याच्या अलीकडची जागा मिळाली. अट एकच, किल्ली ग्रामसभेकडे राहील. तोवर पाऊस लागला होता. सिमेंटच्या गावात राहून मला गोण्या झाकून ठेवायचं सुचलं नाही, अकरा गोण्या दगड झाल्या. वार्षिक हिशेबात 'पावसाने नुकसान' असं छापलं आहे. ते पावसाने नव्हे, न विचारल्याने झालं. पुढच्या अंकात तशी दुरुस्ती छापा, असं मी संपादकांना सांगितलं आहे.

खोलीवर मार्चमध्ये पत्रे चढले. सध्या सतरा मुलं संध्याकाळी बसतात. किल्ली आजींच्या नातवाकडे असते.