चव्वेचाळिसाव्या वर्षी हातात खंजिरी

१९९६ च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात नवीन सांगण्यासारखं फार नाही. पण गेल्या दोन वर्षांपासून मी खंजिरी शिकते आहे आणि विदर्भातून तिकडे आलेल्या नऊ बायकांच्या भजनी मंडळात वाजवते, हे मात्र तुम्हाला सांगायचं आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा किन्हीराजा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. पण जिल्हा कोणताही असो, आपल्याकडे भजन म्हटलं की खंजिरी आलीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हेच वाद्य घेऊन गावोगावी ग्रामसुधारणेचा विचार पोचवला. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकट्याने सात खंजिऱ्या वाजवत व्यसन आणि अंधश्रद्धेविरुद्ध बोलतात. आपल्या लहानपणी गावातल्या भजनात मी जेवढ्या खंजिऱ्या पाहिल्या, त्या सगळ्या पुरुषांच्या हातात. आम्हा मुलींच्या वाट्याला टाळ यायचे.

वाद्य दिसायला साधं. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं किंवा फायबर लावतात. माझी खंजिरी कातड्याची आहे. पावसाळ्यात ती सैल पडते, आवाज बसतो, मग ऊब देऊन ताणावर आणावी लागते. काठावर बोट मारलं की एक आवाज, मध्ये मारलं की दुसरा. एका हातात ती धरून ठेवायची, म्हणजे पहिले दोन महिने मनगटच भरून यायचं.

मी आधी मोबाइलवर ठोके लावून आठ मात्रांचा ठेका पाठ केला. एकटी असले की बरोबर जमायचा, मंडळात बसले की सुटायचा. पुढे म्हणणारी बाई शेवटच्या कडव्याला लय वाढवते, मध्येच एखादी ओळ दोनदा घेते; मोबाइलला ते कुठे ठाऊक? आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या काकू म्हणाल्या, “पोरी, बोटं मोजू नको. ती काय म्हणून राहिली ते आइक.” ऑफिसात मी पंधरा जणांच्या टीमला कामं वाटून देते. इथे मी सगळ्यांत कच्ची, आणि मला शिकवणाऱ्या काकू सातवी शिकलेल्या. मला ते आवडतं. चाळिशीनंतर आपल्याला कुणी रागावून शिकवत नाही हो. ते सुख मला इथे परत मिळालं.

मागच्या दिवाळीत खंजिरी घेऊन मी गावी आले. आई पंचाहत्तरीची. आयुष्यभर तिने भजनात मागे बसून म्हटलं, खंजिरीला कधी हात लावला नव्हता. मी सहज तिच्या हातात दिली. तिने जरा उलटीसुलटी करून पाहिली, मग स्वतःशीच एक भजन धरलं आणि शेवटपर्यंत ठेका चुकू दिला नाही. मला जे यायला वर्ष लागलं, ते तिच्याकडे पन्नास वर्षं होतंच. मी विचारलं, “आई, मग तू कधी वाजवली काहून नाही?” ती म्हणाली, “कोणी देल्ली काय?”

त्या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. पण करायला आहे, म्हणून आज तुमच्यासमोर मांडते. आपल्या बॅचतर्फे शाळेला दहा खंजिऱ्या आणि एक पेटी देऊ या. पैशांचा वाटा मी उचलायला तयार आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, शिकवायला गावातलेच जाणते भजनकरी. ते मानधनाला नाही म्हणतील, तरी ते द्यायचंच. अट एकच, दहापैकी पाच खंजिऱ्या मुलींच्या हातात. मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली तर येत्या जूनपासून सुरू करता येईल.

मैत्रिणींनो, आणि ज्यांना वाटतं की आता वय झालं, त्यांनी चहाच्या वेळेत मला भेटा. खंजिरी पिशवीत आणलेली आहे. हात लावून पाहा.