उभ्या गाडीला धक्का लागला तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एखाद्या विदुषीचे व्याख्यान ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे, ते माझ्या फजितीची हकीकत सांगण्यासाठी. तेव्हा हसायचे असेल तर खुशाल हसा, पण ऐका मात्र नीट.

मागच्या पावसाळ्यात आमची मोटार फाटकापाशी उभी होती. भाजीचा टेम्पो मागे घेताना तिच्यावर आला. बंपर फुटला, मागचे दार चेपले. चालवणारा पोरगा विशीतला. हात जोडून म्हणाला, “मावशी, मालक कामावरून काढील.” दोन हजार रुपये त्याने पुढे केले. मला दया आली. पैसे घेतले आणि त्याने मागितली म्हणून “माझी आता काही तक्रार नाही” अशी चिठ्ठीही सहीनिशी दिली. गॅरेजात गाडी उघडली तेव्हा आतला पत्राही वाकलेला निघाला. खर्च सांगितला अठ्ठावीस हजार! विमा कंपनीत गेले, तर पहिलाच प्रश्न, “काही लिहून दिले आहे का?” खोटे बोलवेना. दावा नामंजूर झाला आणि घरखर्चातून साठवलेले पैसे गॅरेजवाल्याला मोजावे लागले.

कंपनीने असे का करावे? कारण नुकसान भरून दिल्यावर ते धक्का देणाऱ्याकडून वसूल करण्याचा आपला हक्क कंपनीकडे जातो. तो हक्कच मी चिठ्ठीवर सोडून दिला होता. कंपनीला न विचारता कसलीही तडजोड करू नये, हे पॉलिसीत छापलेले असते. आपण वाचतो कुठे?

आता मुळाशी जाऊ. गाडीचा विमा दोन प्रकारचा. पहिला तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक. उभ्या गाडीला कोणी धडकले तर आपल्या कंपनीकडून पैसे मिळतात ते या दुसऱ्यामुळेच. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि स्कूटरला पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम घ्यावा लागतो. दुसरा मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. “पाच वर्षांचा विमा आहे” म्हणून कित्येकजणी निर्धास्त राहतात. आज घरी गेल्यावर दोन्ही तारखा पाहाच.

मग धक्का लागला तर काय करावे? गाडी हलवण्यापूर्वी फोटो घ्यावेत. दोन्ही गाड्यांचे क्रमांक त्यांत दिसावेत. चालकाचे नाव, परवाना, विम्याचा कागद पाहून टिपून घ्यावे. वॉचमनला किंवा शेजारणीला साक्षीला बोलवावे. सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण त्याच दिवशी मागून ठेवावे. कंपनीला लगेच कळवावे, आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नये. धडकणारा पळून गेला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. आपला स्वतःचा विमा तरीही उपयोगी पडतो.

पण प्रत्येक पोच्यासाठी दावा करू नये. इथे बायकांचा हिशेब कामाला येतो. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. चूक दुसऱ्याची असली तरी दावा केल्यावर ही सूट सहसा जाते. समजा, हप्ता 8,000 आणि सूट 45 टक्के, म्हणजे 3,600 रुपये. दुरुस्तीला 4,000 लागणार. लहान मोटारीला त्यातले पहिले 1,000 आपणच सोसायचे, आणि प्लास्टिकच्या भागांची साध्या पॉलिसीत निम्मीच किंमत मिळते. हाती पडणार तीन हजारांच्या आतच, आणि जाणार 3,600! अशा वेळी पदरचे घालावे. माझ्यासारखे अठ्ठावीस हजार असतील तर दावाच करावा.

धडकणाऱ्याच्या कंपनीकडूनही भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून मोठ्या नुकसानीलाच तो मार्ग बरा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मात्र मिळत नाहीत. आपल्याच कंपनीने अडवले तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील नाही.

कोणी म्हणेल, गरीब पोराला कागदपत्रांत कशाला अडकवायचे? मलाही तेच वाटले होते. पण त्याच्या मालकाने विम्याचा हप्ता भरला असेल, तो अशाच प्रसंगासाठी ना? मी सही केली नसती, तर माझे पैसे कंपनीने दिले असते आणि त्या पोराच्या खिशातले दोन हजारही त्याच्याच घरी राहिले असते. दया जरूर करावी, पण कोऱ्या मनाने सही करू नये.