आधी वाट, मग सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्यापैकी काहीजणी सायकलीवरून लांबच्या सहलीचा बेत घेऊन माझ्याकडे आल्या, आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "ताई, चांगली सायकल कोणती?" मला उत्तर देता येईना. "चांगले पातेले कोणते?" असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? चहा करायचा आहे की पन्नास पानांचा भात, हे आधी कळायला हवे. सायकलीचेही तसेच आहे. आधी वाट ठरवावी, मग सायकल.

ही अक्कल मला पैसे मोजून आली. पहिल्या खेपेस दुकानातली सर्वांत हलकी सायकल मी घेतली. अरुंद टायर, वळलेले हँडल, मोठी डौलदार! ती घेऊन कोकणच्या सागरी रस्त्याने निघाले. कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकेच नव्हती, म्हणून सामान पाठीवर. तो रस्ता कसा, तर खाडीशी उतरायचे, पलीकडे जायचे, की लगेच सडा चढायचा. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी संप पुकारला. सायकल टेम्पोत टाकून परत आले. "हे बायकांचे काम नव्हे," असे घरच्यांनी निदान केले, आणि तेव्हा मलाही ते पटले.

पुढे कळले की दोष गुडघ्यांचा नव्हता, दातांचा होता. सायकलीच्या चक्रांच्या दातांचा! माझ्या सर्वांत हलक्या गिअरात पुढच्या चक्राला 39 आणि मागच्याला 25 दात होते. म्हणजे पायडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक दीड फेऱ्याहून अधिक फिरे. सपाटीवर हे ठीक. चढावर तो सगळा जोर गुडघ्यांवर येतो. पुढे 26 आणि मागे 34 दात असले, तर तेच चाक पाऊण फेराच फिरते. वेग निम्म्यावर येतो, पण ओझ्यासकट चढ निघतो.

लांबच्या वाटा मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली घड्याळाची. 'ब्रेव्हे' नावाच्या सफरीत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, तर 600 किलोमीटर 40 तासांत पुरे करायचे असतात. येथे सामान थोडे, म्हणून सायकल हलकी हवी, टायर 28 ते 32 मिलिमीटर रुंद, आणि रात्रीसाठी भरवशाचा दिवा.

दुसरी वाट मुक्कामाची. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जावे, रात्री कोणाच्या घरगुती निवासात उतरावे. आपल्या मंडळाची सहल बहुधा हीच. हिला कॅरिअर, मडगार्ड, हलका गिअर आणि 32 ते 40 मिलिमीटरचे टायर पुरतात. किमती सायकलीची गरज नाही.

तिसरी वाट बिऱ्हाडाची. तंबू, स्टोव्ह, शिधा घेऊन मनालीहून लेहला जायचे तर पोलादी फ्रेम बरी. मागच्या चाकाला 36 स्पोक असावेत, आणि टायर 40 मिलिमीटरहून रुंद. फ्रेमचा मागचा भाग लांब असावा, नाही तर दर फेऱ्याला टाच पिशवीवर आपटते. मुख्य म्हणजे लहान गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल अशीच ती हवी.

हे शहाणपण नवे नाही. 1894 साली अमेरिकेतील अॅनी लंडनडेरी बॉस्टनहून जगप्रवासाला निघाल्या त्या 42 पौंडांच्या सायकलीवर. शिकागोला पोचल्यावर त्यांनी ती बदलून निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, आणि लांब झगाही टाकला. 1963 साली आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी सायकलीने भारतात आल्या. त्यांनी तर निघण्यापूर्वी सायकलीचे तीन गिअर काढूनच टाकले. पुढच्या खडबडीत रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. एकीने वजन टाकले, दुसरीने गिअर टाकले. पण दोघींनीही वाट पाहून ठरवले.

शेवटची गोष्ट मापाची. भावाची किंवा यजमानांची जुनी सायकल घरात आहे, म्हणून तीच न्यावी असे करू नका. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून आपण पंढरीला जात नाही. सीटवर बसून टाच खालच्या पायडलावर ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहावे. मऊ गुबगुबीत सीटला भुलू नये. तासाभराने तीच रुतू लागते. आणि विकत घेण्यापूर्वी तासभर चालवून पाहावी. साडी घेताना आपण दहा घड्या मोडायला लावतो, मग येथेच संकोच कशाला?

दोन वर्षांनी मी त्याच सागरी रस्त्याने पुन्हा गेले. सडे तेच होते, गुडघेही तेच, फक्त दोन वर्षांनी जुने झालेले. सायकल मात्र वाटेजोगी होती. सावकाश का होईना, एकही चढ न उतरता चढले. म्हणून सांगते, चढ निघाला नाही तर स्वतःला बोल लावण्यापूर्वी एकदा चक्राचे दात मोजा. आणि मंडळाची वाट ठरली की मला कळवा. कॅरिअर बसवायला पाना घेऊन मी येते.