उत्पादन थांबलेल्या गाडीचे सुटे भाग

कॅलिफोर्नियाच्या जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून भरणाऱ्या 'किंग ऑफ द हॅमर्स' या खडकाळ शर्यतीच्या धर्तीवर ज्या एकदशांश आकाराच्या रेडिओनियंत्रित गाड्या निघाल्या, त्यांपैकी व्हेटेरा कंपनीची 'ट्विन हॅमर्स' ज्यांच्या संग्रही आहे, त्यांना तिचे उत्पादन बंद झाल्याची वार्ता बहुधा एखादा गिअर झिजल्यावरच कळते.

तथापि परदेशी पार्सल मागवून जकातीचा भुर्दंड सोसण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, अशा यंत्रातील सर्वच जिन्नस कंपनीचे खास नसतात. बेअरिंग हे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांनी ओळखले जाते. तेव्हा जुने बेअरिंग कॅलिपरने मोजून मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशाने मशीद बंदरानजीकची नागदेवी स्ट्रीट गाठावी. मोटर आणि बॅटरीसाठी अंधेरी-बोरिवलीकरांना ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच.

खरी पंचाईत गिअरबॉक्सच्या कवचाची आणि सस्पेन्शनच्या आर्मची. तुटका नमुना हाती असल्यास लोखंडी पिन वा दांडा साकीनाक्याचा लेथवाला कातून देऊ शकतो, प्लास्टिकचे कवच मात्र नाही. त्यासाठी दुसरी नादुरुस्त गाडीच विकत घेण्याची तजवीज पुष्कळदा स्वस्त पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या झगमगीत आर्मचा मोह मला फारसा मान्य नाही, कारण प्लास्टिक लवून जो आघात पचवते, तो धातू पुढच्या भागावर ढकलतो. ७.४ व्होल्टऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी जोडायची असल्यास, आधी मोटर व वेगनियंत्रकाला ते मानवते का हे पाहून मोटरवरचा छोटा गिअर (पिनिअन) कमी दातांचा बसवावा, म्हणजे मोटर तितकी तापत नाही.