कोऱ्या पानांचा हिशेब



वहीचा कागद कोठून येतो? दुकानातून येतो, हे खरेच. पण दुकानात तो रानातून येतो.

आपल्या नागपूरहून रेल्वेने दक्षिणेकडे निघा. चंद्रपूर मागे पडले की बल्लारपूर लागते. तिथल्या कागद कारखान्याची कंपनी 1945 साली निघाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे या कारखान्यात गेला. पुढे निलगिरी, सुबाभूळही जाऊ लागले. बांबूचे तुकडे करतात. औषधे घालून वाफेवर शिजवतात. लगदा होतो. तो धुतात, पसरतात, दाबतात, वाळवतात. मग कागद होतो. याला पाणी फार लागते. इंधनही लागते. आणि तोच बांबू आपल्या बुरुडालाही टोपल्या-सुपांसाठी हवा असतो.

आता हिशेब करू. समजा, शाळेत 150 मुले आहेत. प्रत्येकाने वर्षाला 20 पाने कोरी टाकली. झाली 3,000 पाने! म्हणजे शंभर पानी 30 वह्या. तीस मुलांच्या हाती वही आली असती. ती रद्दीत गेली.

2023 साली सरकारने पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घातली. मुलांनी तिथेच टिपणे लिहावीत, वह्या कमी व्हाव्यात, दप्तर हलके व्हावे, हा हेतू. पण मुले वह्या आणतच राहिली. 2025 साली ती पाने बंद झाली. नुसती पाने घालून काय होते? सवय बदलावी लागते.

मग करायचे काय? लिहिणे कमी करू नका. लिहिल्याशिवाय अक्षर वळत नाही, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. वाया घालवणे तेवढे थांबवा. पाढे, बेरजा पाटीवर गिरवाव्यात. कागद दोन्ही बाजूंनी लिहावा. वर्ष संपले की जुन्या वह्यांतली कोरी पाने काढा, दाभणाने शिवा. कच्ची वही तयार! पुस्तके नीट जपा, खालच्या वर्गातल्या पोरांना द्या.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी हा विषय बैठकीत काढावा. गुरुजी ऐकतील.

आज घरी गेलात की पोराची वही उघडा. तुम्हाला वाचता येते. कोरी पानेही मोजता येतील.